थांबली की थांबते

वाशीमहून पुसदकडे निघालेली गाडी वाटेत कुठं बंद पडत नाही. ती अनसिंगला बंद पडते. तोवर सगळं छान चाललेलं असतं. दोन्हीकडं सोयाबीन, मधूनमधून तुरीचे तास, रस्ता मोकळा, गिअर वरचा, आणि इंजिन असं एका सुरात गुणगुणत असतं की जुनी गाडी विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलेलं सगळं खरंच होतं असं वाटू लागावं. मग गाव येतं. आधी गतिरोधक येतो, मग स्टँडमधून तोंड बाहेर काढणारी एसटी येते, मग त्या एसटीलाही न जुमानणारी म्हैस येते. चालकाचा पाय रेसवरून उठतो, क्लच दाबला जातो, आरपीएमची सुई हजारावर येते, आठशेवर येते, सहाशेवर थरथरते, इंजिन एक उचकी देतं आणि पुढं फक्त मागच्या ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू येतो. सेल्फ मारला की गाडी लगेच सुरू होते, रेस दिली की वाघासारखी गुरगुरते, पाय काढला की पुन्हा मान टाकते. असं दोन-चारदा झालं की गावाचीच बदनामी सुरू होते. अनसिंगचं नाव शृंगऋषींशी जोडलेलं आहे, त्यामुळं ऋषींना हात न जोडता पुढं निघाल्याचं कारणही कोणीतरी सुचवतं. ऋषींचा यात काही हात नाही. गावाचा दोष एवढाच, की पाय उचलायला लावण्याइतकं ते मोठं आहे.

गाडी बंद पडली की मिनिटाच्या आत समिती जमते. तिला निवडणूक नसते, कोरम लागत नाही, आणि बोनेट उघडणं हाच उद्घाटन समारंभ असतो. "काहून बंद पडून रायली भाऊ?" असा प्रश्न येतो खरा, पण विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, ते त्याच्याकडं आधीच तयार असतं. पहिला म्हणतो, "प्लग गेला असन." दुसरा म्हणतो, "प्लग नाई, पेट्रोलमंदी पाणी हाय." तिसरा बॅटरीच्या टर्मिनलला बोट लावून वैद्यानं नाडी पाहावी तसे डोळे मिटतो. आणि जो कालच पुण्याहून सुट्टीला आलेला असतो तो सावकाश म्हणतो, "सेन्सर." या शब्दापुढं समिती गप्प होते. पूर्वी घरातलं कोणी न कळणाऱ्या कारणानं खंगू लागलं की 'बाहेरचं काहीतरी आहे' असं म्हणत. सेन्सर ही मोटारीची बाहेरची बाधा आहे. ती दिसत नाही, तिचं नाव घेणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही, आणि उतारा महाग असतो.

या सगळ्या मतांत एक गोष्ट सारखी आहे. सगळे जण 'काय गेलं' याचं उत्तर देत असतात. 'कधी बंद पडते' हे कोणीच विचारत नाही. माझं म्हणणं असं की उभ्या जागी बंद पडणाऱ्या इंजिनाच्या बाबतीत 'काय गेलं' हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे, आणि तो आधी विचारल्यामुळंच आपल्याकडं गाडीचे निरोगी भाग बदलले जातात आणि रोगी भाग जिथल्या तिथं सुखानं नांदतो. 'कधी' हा प्रश्न फुकट आहे, त्याला पाना-पेचकस लागत नाही, आणि निम्मं काम तो एकटाच करतो. तरीही तो विचारला जात नाही, याचं कारण बोनेटखाली नाही. पण आधी बोनेटखाली जाऊ.

गाडी पळवणं सोपं आणि उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं अवघड, हे पहिल्यांदा ऐकायला उलटं वाटतं. ज्याला गॅरेजात 'स्लो' म्हणतात आणि पुस्तकात आयडलिंग, त्या अवस्थेत इंजिन मिनिटाला साधारण सातशे ते नऊशे फेरे घेतं. रेसवर पाय नसतो, म्हणून हवेच्या वाटेवरची थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते आणि तिच्या कडेच्या सुतभर फटीतून हवा आत जाते. त्या हवेच्या मापात पेट्रोल मिळतं: शुद्ध पेट्रोल असेल तर वजनानं एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा. या इवल्या शिध्यावर जी ताकद निर्माण होते ती सगळी इंजिनाच्या स्वतःच्या घर्षणात, ऑइल पंपात आणि अल्टरनेटर फिरवण्यात संपते. ज्या ग्रामपंचायतीची सगळी घरपट्टी कर्मचाऱ्यांच्या पगारातच जाते तिची जी स्थिती, तीच इथं. शिल्लक शून्य, एक पाहुणा आला की दिवाळं. आठशे फेऱ्यांना तीन सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला वीस ठिणग्या कामी येतात. त्यातला एक प्लग रुसला तर तिसरा हिस्सा ताकद गेली. तेच इंजिन तीन हजारांवर असताना सेकंदाला पंचाहत्तर स्फोट होत असतात, फ्लायव्हीलचा जोर असतो, आणि गिअरमध्ये असलेली गाडी चाकांकडून इंजिनाला उलटी ढकलतही असते. तेव्हा एखादा स्फोट चुकला तर गर्दीत एखाद्यानं जेवून न सांगता निघून जावं तसं होतं, कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे आजार वाशीमपासूनच सोबत होता. अनसिंगनं फक्त तो दाखवला, आणि दाखवणाऱ्यालाच दोष मिळाला.

जाता जाता हेही सांगायला हवं की हा अवगुण सगळ्या इंजिनांना नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कारंज्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळ अशी पूर्वी धावणारी शकुंतला रेल्वे घ्या. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन ती गाडी १९९४ पर्यंत ओढत होतं. ते इंजिन स्टेशनात वाटेल तितका वेळ उभं राहायचं, चाकं जागची हलायची नाहीत, आणि उभ्या जागी 'बंद पडलं' असा शब्दच त्याला लागू नव्हता. कारण त्याचा दाब बॉयलरमध्ये साठवलेला असतो. ड्रायव्हरनं दांडा ओढला की शून्यापासून पूर्ण जोर. विजेच्या मोटारीचंही तसंच, म्हशीसमोर ती नुसती गप्प उभी राहते. पेट्रोलचं इंजिन मात्र रोज आणून रोज खाणारं. दाब त्याला दर फेऱ्याला नव्यानं तयार करावा लागतो आणि त्यासाठी फिरत राहावं लागतं. उभं राहायचं असेल तरी फिरत राहावं लागतं, ही त्याची जन्माची अडचण आहे. (अखंड फिरत राहण्याचा नमुना हवा असेल तर तो याच रस्त्याच्या टोकाला आहे. पुसदच्या वसंतराव नाईकांनी १९६३ पासून १९७५ पर्यंत अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्रिपद सांभाळलं. त्यानंतरची कित्येक मंत्रिमंडळं पहिल्याच गतिरोधकाला बंद पडलेली आहेत.)

आता 'कधी' या प्रश्नाची करामत पाहा. समजा गाडीवाला म्हणाला, "नवी बॅटरी टाकली, त्या दिवशीपासून बंद पडते." समितीचा निकाल एका क्षणात लागतो, बॅटरी डुप्लिकेट. खरा प्रकार बहुतेक वेळा असा असतो: इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ परत हवेच्या वाटेत सोडलेली असते, तिची काजळी वर्षानुवर्षं थ्रॉटलच्या चकतीच्या कडेला बसते आणि ती सुतभर फट बुजत जाते. गाडीचा संगणक हे समजून घेऊन चकती हळूहळू जरा जास्त उघडी ठेवायला शिकतो. जुन्या नोकराला मालकाचा गुडघा कोणता दुखतो हे पाठ असावं, तसं. बॅटरी काढली की अनेक गाड्यांत हा शिकलेला धडा पुसला जातो. नवी बॅटरी लागते, संगणक कोऱ्या पाटीनं बसतो, चकती कारखान्यातल्या मापाएवढीच उघडतो, आणि त्या मापाच्या वाटेवर आता काजळी बसलेली असते. गाडी बंद. बॅटरी निर्दोष आहे, ती फक्त वाईट वेळी घरात आलेली सून आहे. उपाय म्हणजे थ्रॉटल बॉडी योग्य द्रावणानं साफ करणं आणि त्या गाडीच्या पद्धतीनं संगणकाला स्लो पुन्हा शिकवणं. उलट प्रकारही घडतो. जुना धडा तसाच ठेवून चकती चकचकीत केली, तर इंजिन काही काळ गरजेपेक्षा जास्त फेरे घेत राहतं, आणि गाडीवाला ओरडतो की होती तेवढीही बिघडवली. मिस्त्रीनं बरोबर काम केलं म्हणून त्याची अब्रू जाते, असे धंदे जगात फार नाहीत.

किंवा गाडीवाला म्हणतो, "ब्रेक दाबला की बंद पडते." हे वाक्य सोन्याचं आहे, पण समिती ते पितळेच्या भावात काढते: "ब्रेकचा अन् इंजिनाचा काय संबंध?" संबंध आहे. पेट्रोल गाडीच्या ब्रेकला पायाचा जोर वाढवून देणारा जो डबा असतो, त्याला लागणारी पोकळी बहुतेक गाड्यांत इंजिनच पुरवतं. त्या डब्याचा पडदा फाटला की ब्रेकवर पाय पडताक्षणी बिनमोजणीची हवा इंजिनात घुसते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन गुदमरतं. तपासणी शाळकरी पोरालाही जमेल. गाडी उभी, इंजिन चालू, ब्रेक दाबा. 'सूं' असा आवाज येऊन फेरे पडले तर प्लगवाल्याला घरी पाठवा. हा दोष मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इंजिन बंद पडल्यावर त्या डब्यातली शिल्लक पोकळी ब्रेकला एक-दोनदाच साथ देते, पुढं पेडल दगडासारखं होतं. आणि तो डबाच फाटलेला असला तर तेवढीही शाश्वती नाही.

सगळ्यात मौजेचा मासला पेट्रोल पंपावरचा. "पेट्रोल भरलं की सुरू व्हायला कुरकुर करते आणि स्लोला बंद पडते, अर्ध्या तासानं ठीक." यावर तर अख्ख्या तालुक्याचं एकमत होतं, पंपवाल्यानं पाणी घातलं. पण विचार करा. पेट्रोलमध्ये पाणी असतं तर गाडी पुढच्या चढावरही आचके देत गेली असती. पाण्याला काही अनसिंगच्या स्टँडचा खास लोभ नाही. असं फक्त टाकी भरल्यावर, आणि फक्त थोडा वेळ होत असेल, तर संशय दुसरीकडं न्यावा लागतो. टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या एका डब्यात धरून ठेवतात आणि इंजिन धावत असताना एका झडपेतून थोडी थोडी जाळतात. ही पर्ज झडप उघडीच अडकली, की टाकी भरताना उसळलेली वाफ उभ्या इंजिनाच्या घशात जाते. भुकेल्याला घास हवा असतो. त्याला कोणी पंगतीचं सगळं एकदम भरवलं तर जे होईल तेच होतं. या डब्याची वाट लावण्यात आपला हातभार मोठा. नोझल आपोआप बंद झाल्यावर "राउंड फिगर करून टाका" म्हणत टाकी गळ्यापर्यंत भरणं, हा आपला राष्ट्रीय छंद. त्या राउंड फिगरचं पातळ पेट्रोल वाफेच्या वाटेनं कोळशात उतरतं. बावीस रुपयांचा हिशेब सुटसुटीत होतो आणि झडपेचा आयुष्यभराचा गुंतागुंतीचा.

विदर्भातला उन्हाळा हा या प्रकरणातला सहआरोपी आहे. बोनेटखालच्या रबरी नळ्या उन्हानं आणि इंजिनाच्या उष्णतेनं कडक होतात, भेगाळतात, आणि त्या भेगेतून चोरटी हवा आत जाते. धावत्या इंजिनाला ती जाणवत नाही, उभ्याला मारते. चमचाभर मीठ विहिरीत टाकलं तर कोणाला कळतं? चहाच्या कपात टाकून बघा. (काही गाड्या हवेचं माप तिच्या दाबावरून काढतात, त्यांत अशा भेगेनं फेरे पडण्याऐवजी वाढतात. एकच दोष एका घरी उपास घडवतो आणि दुसऱ्या घरी अजीर्ण.) ही भेग शोधायला साबणाचं पाणी फवारून इंजिनाचा सूर बदलतो का ते ऐकतात. काही उत्साही लोक त्यासाठी पेट्रोलच शिंपडतात; तापलेल्या सायलेन्सरशेजारी हे केलं तर गाडी पुन्हा कधीच बंद पडत नाही, कारण गाडी उरत नाही. आणि गाडी तापल्यावरच बंद पडत असेल, थंड झाल्यावर मुकाट सुरू होत असेल, तर क्रँक सेन्सरकडं बघावं. इथं पुण्याच्या पाहुण्याचा शब्द खरा ठरतो. मात्र तो सेन्सर चालत्या गाडीलाही दगा देतो, त्याला थांबण्याची गरज नसते. पाहुणा बरोबर होता का हे ठरवायलासुद्धा पुन्हा 'कधी' हेच विचारावं लागलं.

यावर पहिला आक्षेप नव्या पिढीचा. ती म्हणते, एवढं डोकं कशाला चालवायचं, स्कॅनर लावा, तो कोड देतो. देतो, आणि तो जरूर लावावा. पण कोड म्हणजे निदान नव्हे, फिर्याद आहे. 'पी०१७१' असा कोड आला तर त्याचा अर्थ इतकाच की मिश्रण पातळ होतंय. नळी फाटली असेल, पेट्रोल पंप थकला असेल, हवा मोजणारी तार मळली असेल; कोडला त्याचं काही नाही. फौजदारानं फिर्याद वाचून आरोपी शोधायचा असतो. आपल्याकडं काय होतं, तर ज्या ऑक्सिजन सेन्सरनं सायलेन्सरमधून ही खबर दिली, तोच बदलला जातो. खबर देणाऱ्यालाच बडतर्फ करायचं आणि कारभार स्वच्छ झाला म्हणायचं, ही पद्धत सरकारी कचेऱ्यांतून गॅरेजात आली की उलट, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. नवा सेन्सर येतो, बसतो आणि तोही तेच सांगतो. 'पी०५०५' तर याहून थोर: स्लोच्या नियंत्रणात बिघाड. गाडी स्लोला बंद पडते म्हणून आलेल्या माणसाला ही बातमी सांगायची, म्हणजे ताप आलाय म्हणून गेलेल्याला थर्मामीटर दाखवून फी घेण्यासारखंच.

दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा, आणि तो मला जास्त आवडतो. ती म्हणते, आमचे मिस्त्री नुसत्या कानानं ओळखायचे. ओळखायचे, यात शंका नाही. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पर्यंतच्या कार्बोरेटरच्या जमान्यात स्लोचा स्क्रू आणि मिश्रणाचा स्क्रू अशा दोन कानपिळ्या होत्या, आणि चांगला मिस्त्री त्या पेचकसानं असा फिरवायचा की भजनी मंडळातला माणूस तंबोरा जुळवत असावा. कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट धरायचा. इंजिन सुधारलं तर हवा जास्त होतेय, आणखी घुसमटलं तर पेट्रोल. ही तळहाताची परीक्षा अस्सल शास्त्र होतं. पण लक्षात घ्या, तो मिस्त्री कानानं ओळखायचा ते कान इंजिनाला लावण्याआधी गाडीवाल्याला लावायचा म्हणून. "सकाळी पडते का दुपारी? चोक ओढला की टिकते का?" हे त्याचे प्रश्न असायचे. आपण त्याच्या कानाची आख्यायिका केली आणि तोंडातले प्रश्न विसरलो. आज कार्बोरेटर गेला, स्क्रू गेले, तळहात ठेवायला जागा उरली नाही. प्रश्न तसेच्या तसे चालतात.

तिसरा पंथ व्यवहारी लोकांचा. ते म्हणतात, शोध कशाला, रेसवर ठेवायची. डावा पाय क्लचवर, उजव्या पायाची टाच ब्रेकवर आणि अंगठा रेसवर, अशी नटराजाची मुद्रा करून गाव पार करणारे महाभाग आहेत आणि त्यांचं कौशल्य वादातीत आहे. त्यातलेच काही जिथं स्क्रू आहे तिथं तो फिरवून स्लो बाराशेवर नेऊन ठेवतात. गाडी बंद पडत नाही हे खरं. पण नळीतली भेग शाबूत असते आणि वाढत असते, पेट्रोल उभ्या जागी जळतं, आणि पोरगा ओरडतो म्हणून त्याच्या तोंडात गोळी कोंबण्यासारखा हा इलाज शेवटी महागच पडतो. शिवाय त्या मुद्रेत समोर खरोखर म्हैस आली तर कोणता अवयव कुठं दाबायचा याचा निर्णय वेळेत होत नाही.

डिझेलवाल्यांना इथं वेगळं बसवावं लागेल. जुन्या डिझेल जीपला हवेची चकतीच नव्हती, म्हणून तिचं दुखणं हवेच्या वाटेपेक्षा डिझेलच्या वाटेवर जास्त. फिल्टर तुंबलेला, नाहीतर नळीच्या सैल जोडातून हवा आत ओढलेली. 'एअर घेतला' हे निदान काळ्या-पिवळीच्या ड्रायव्हरला पाठ असतं आणि हातपंप मारून एअर काढणंही. फक्त एअर घेतला कुठून हे पुष्कळदा विचारलं जात नाही, म्हणून तोच एअर पुढच्या गावाला पुन्हा काढला जातो.

आता मूळ मुद्द्याकडं. 'कधी' हा प्रश्न विचारला का जात नाही? सगळे मिस्त्रीला दोष देतात: त्याला पार्ट खपवायचे असतात, त्यात त्याचं कमिशन असतं. असेलही. पण त्याच्या जागी बसून पाहा. त्यानं अर्धा तास प्रश्न विचारले, दहा मिनिटं ऐकलं, दोन रुपयांच्या क्लिपनं नळी घट्ट केली आणि गाडी ठीक झाली. बिल किती करायचं? त्यानं पाचशे म्हटले तर गाडीवाल्याच्या कपाळावर आठी येते: "काहीच तर बदललं नाई, पैसे कायचे?" त्याच माणसाला त्यानं नवी कॉइल बसवून, जुनी फडक्यात गुंडाळून हातात ठेवली आणि चार आकडी बिल दिलं, तर तो समाधानानं घरी जातो आणि ती जुनी, बहुधा धडधाकट कॉइल माळ्यावर जपून ठेवतो. आपण विचाराला पैसे देत नाही, वस्तूला देतो. डॉक्टरनं गोळी लिहून दिली नाही तर डॉक्टर बदलणारा समाज आहे हा. मिस्त्रीनं पार्ट बदलला नाही तर मिस्त्री बदलतो. असा समाज आणि असं गिऱ्हाईक असताना मिस्त्रीनं निदान करत बसावं ही अपेक्षा म्हणजे त्याला उपाशी ठेवून त्याच्याकडून प्रामाणिकपणा मागणं. सेन्सर, प्लग, कॉइल, पंप या क्रमानं गाडी नवी होत जाते, त्याचं कारण मिस्त्रीचं अज्ञान जितकं, तितकीच गाडीवाल्याच्या कपाळावरची ती आठी.

यावर कोणी म्हणेल, गाडीवाल्याला इंजिनातलं काही कळत नाही, तो 'कधी' काय सांगणार? पण 'कधी' सांगायला इंजिन कळावं लागत नाही. पोट कधी दुखतं हे सांगायला यकृत कुठं असतं हे ठाऊक असावं लागतं का? गाडी थंड होती की तापलेली, एसी चालू होता का, ब्रेक दाबला होता का, नुसता क्लच, पेट्रोल नुकतं भरलं होतं का, बॅटरी कोणी काढली होती का, दिवा लागला होता का, आणि सुई हळूहळू उतरून बंद पडली की दिवा विझावा तशी एकदम. यात एकही शब्द कंपनीच्या पुस्तकातला नाही. एसीचंच बघा: पाहुणा येणार म्हटल्यावर संगणक आधीच स्लो थोडा वाढवून ठेवतो, एसी लावताच बंद पडत असेल तर ती वाढ त्याला जमत नाहीये, किंवा कंप्रेसर पाहुण्यापेक्षा जावयासारखा वागतोय. दोन्ही गोष्टी प्लग बदलून सुटणाऱ्या नाहीत.

एक इशारा मात्र समितीला द्यायला हवा. हल्ली कित्येक नव्या गाड्या थांबल्या की इंजिन स्वतःहून बंद करतात, पेट्रोल वाचवण्यासाठी, आणि क्लच दाबला किंवा ब्रेक सोडला की आपली आपण सुरू होतात. अशा गाडीचा मालक अनसिंगच्या स्टँडवर शांतपणे एसटी वळण्याची वाट पाहत बसलेला असताना चौघांनी मागून खांदा लावणं, हे प्रेम आहे, दुरुस्ती नाही. ज्या रोगासाठी आपण चार पिढ्या प्लग बदलले तो आता कंपनीनं सोय म्हणून विकायला काढला आहे, आणि ती सोय बंद करण्याचं बटणही दिलं आहे.

तेव्हा तुमची गाडी स्लोला बंद पडत असेल तर पुढच्या वेळी कागदाच्या चिटोऱ्यावर 'कधी' तेवढं लिहून ठेवा, आणि चिटोऱ्यासह मिस्त्रीकडं जा. त्यानं काही न बदलता गाडी ठीक केली तर त्यानं मागितलेले पैसे द्या, कपाळ सरळ ठेवून. दरम्यान मदतीला आलेल्यांना नाही म्हणू नका, त्यांची मतं ऐका, चहा पाजा. फक्त गाडी ऑटोमॅटिक गिअरची असेल तर ती धक्क्यानं सुरू होत नाही, एवढं त्यांनी खांदा लावायच्या आधी सांगा.